पावसाआधी पिकअपची बॅटरी: माल घेऊन मुंबईत येणाऱ्या शेतकऱ्यांसाठी सल्ला

मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. वसईची केळी, विड्याची पाने आणि सोनचाफा, गोराई-उत्तनची भाजी, विक्रमगडचा मोगरा, डहाणू-घोलवडचा चिकू असा माल रात्री भरून दादरच्या फूलबाजारात किंवा वाशीच्या मार्केटला नेणाऱ्यांनी बियाणे-खतांच्या धावपळीतही मे महिन्यात एक काम उरकून घ्यावे. डिझेल पिकअपची बॅटरी तपासावी आणि थकली असेल तर बदलावी. पहाटे चारला दादरला पोचलेला मोगरा आणि सकाळी नऊला पोचलेला मोगरा यांच्या भावात केवढा फरक पडतो, हे तोडणी करणाऱ्याला सांगायला नको.

आपल्याकडे बॅटरी मरते उन्हाळ्यात आणि मेल्याचे कळते पावसाळ्यात. उष्णतेने आतली रासायनिक क्रिया वेगाने होते, पाणी उडते, प्लेटांची झीज वाढते. एप्रिल-मेमध्ये बॉनेटखालची हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापते. तरीही त्या दिवसांत गाडी कशीबशी उठते, कारण गरम इंजिनाला फिरवायला जोर कमी लागतो. मग पाऊस लागतो आणि सगळा भार एकदम येतो. हॅलोजनचे दोन हेडलाइट मिळून साधारण दहा अँपिअर खातात. त्यावर वायपर, काचेवरची वाफ घालवायला ब्लोअर, मागचे दिवे, मोबाइल चार्जर. घोडबंदरला किंवा दहिसरला गाडी तासभर रांगेत उभी राहिली की इंजिन मंद फिरत असते आणि त्या वेगात अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा डायनामो) आपल्या पूर्ण क्षमतेच्या बराच खाली वीज देतो. उरलेली तूट बॅटरी भरून काढते. माल उतरवताना इंजिन बंद ठेवून हेडलाइट दोन तास चालू राहिले, तर ८० एएचच्या (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत मावणाऱ्या विजेचे माप) नव्या बॅटरीतलाही पाव भाग संपतो. थकलेल्या जुन्या बॅटरीत कधीकधी तेवढाच शिल्लक असतो.

नवी घेण्याआधी जुनी खरोखर गेली आहे का, ते पाहा. खूपदा दोष अल्टरनेटरचा, ढिल्या पट्ट्याचा किंवा गंजलेल्या केबलचा असतो आणि नवी बॅटरीही दोन महिन्यांत बसते. व्होल्ट मोजणारा साधा डिजिटल मीटर घरात असावा. रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी चावी न लावता मोजा. १२.६ व्होल्ट किंवा वर म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग एकाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने मीटर बघावा. सेल्फ फिरताना आकडा ९.६ च्या खाली गेला, तर बॅटरी चार्ज करून पुन्हा एकदा तपासावी. तरीही तेच दिसले तर ती बदलायची. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसायला हवे. तेरालाही पोचत नसेल तर आधी अल्टरनेटर दाखवा. पंधराकडे जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि तो नव्या बॅटरीचेही पाणी उकळवून टाकेल.

एक सवय मात्र आजच सोडा. चालू इंजिनावर बॅटरीची केबल काढून ‘अल्टरनेटर चालतो का’ बघणे अजूनही अनेक ड्रायव्हर करतात. त्याने व्होल्टेज एकदम उसळते, अल्टरनेटरचे डायोड जळतात आणि बीएस-६ गाडीचा ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक) गेला तर त्या खर्चात किती तरी बॅटऱ्या येतील.

आता निवड. डिझेल इंजिनात हवा दाबूनच इंधन पेटते, म्हणून त्याचे कॉम्प्रेशन पेट्रोलच्या जवळजवळ दीडपट-दुप्पट असते. ते फिरवायला सेल्फला काही क्षण शेकडो अँपिअर लागतात आणि ज्या गाडीला हिटर प्लग आहेत ते वेगळे खातात. त्यामुळे पेट्रोल कारची ३५ एएचची बॅटरी स्वस्त मिळते म्हणून पिकअपला टाकणे म्हणजे ती लवकर मारणेच. बोलेरो पिकअपच्या वर्गातल्या गाड्यांना साधारण ६५ ते ८० एएच लागते, दोन सिलिंडरच्या लहान टेम्पोला त्याहून कमी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. त्याहून कमी घेऊ नका. थोडी मोठी चालते, पण ट्रेमध्ये घट्ट बसली पाहिजे आणि बॉनेट लावल्यावर टर्मिनलला टेकता कामा नये. अधिक-उण्याची बाजूही जुनीसारखीच हवी, नाहीतर केबल ओढून लावावी लागते आणि ताणलेली केबल खड्ड्यांत सैल होते.

दुकानात ‘सीसीए जास्त’ म्हणून महाग मॉडेल पुढे करतात. हा आकडा उणे १८ अंश तापमानात बॅटरी किती जोर देते ते सांगतो. मुंबईत नोंदलेले सर्वांत कमी तापमान ७.४ अंश आहे, तेही २२ जानेवारी १९६२ चे. सीसीए मूळ बॅटरीएवढा असला की पुरे. जास्तीचे पैसे द्यायचे तर ते मोठ्या वॉरंटीवर द्या. वॉरंटी नीट वाचा: ४८ महिने लिहिलेले असेल तर त्यात पूर्ण बदली किती महिने आणि उरलेल्या काळात फक्त किमतीत सूट किती, हे वेगळे असते. मालवाहू गाडीला खासगी कारपेक्षा कमी वॉरंटी असते, हेही बऱ्याच जणांना दावा करायला गेल्यावर कळते. बिलावर गाडीचा नंबर आणि बॅटरीचा अनुक्रमांक लिहून घ्या, कार्डावर शिक्का घ्या. बॅटरी कोणत्या महिन्यात बनली ते दुकानदाराला दाखवायला सांगा. सहा महिने मांडणीवर पडलेली बॅटरी दमट उष्ण हवेत आपोआप उतरलेली असते. तीन महिन्यांच्या आतली मागा आणि लावण्याआधी मीटर लावून बघा.

झाकणे असलेली की सीलबंद? ज्याच्या घरी पंधरा दिवसांनी झाकण उघडून पाणी बघणारा माणूस आहे, त्याने झाकणाची घ्यावी. ती तुलनेने स्वस्त पडते आणि आत काय चालले आहे ते दिसते. पाणी फक्त डिस्टिल्ड. बोअरचे, आरओचे, पावसाचे धरलेले, कुठलेच चालत नाही. गाडी ड्रायव्हरच्या हाती असेल तर सीलबंद घ्यावी. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी सोय असेल, तर कंपनीने दिलेल्या प्रकारचीच, म्हणजे ईएफबी (वारंवार बंद-चालू झेलायला बनवलेली बॅटरी) असेल तर ईएफबीच. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी पिकअपला लावू नका. तिच्या जाड प्लेटा हळूहळू बराच वेळ वीज द्यायला बनवलेल्या असतात. सेल्फला लागणारा क्षणाचा झटका तिचे काम नाही. रिकंडिशन केलेली बॅटरी निम्म्या पैशांत मिळते, पण नाशवंत माल वाहणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्या ट्रकला २४ व्होल्टसाठी दोन बॅटऱ्या जोडलेल्या असतात. तिथे दोन्ही एकाच वेळी, एकाच मॉडेलच्या बदला. जुनी नवीच्या जोडीला राहिली तर ती नवीलाही खाली ओढते.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. तिच्यात शिसे आणि आम्ल आहे. शेताच्या बांधावर फोडलेली बॅटरी माती आणि विहीर दोन्ही खराब करते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदार जुनीचे पैसे किमतीतून वजा करतो, तो आकडा बिलात दिसू द्या.

बसवताना चावी काढून काही मिनिटे थांबा, काही नव्या गाड्यांत यंत्रणा बंद व्हायला तेवढा वेळ लागतो. आधी उणे काढा, मग अधिक. लावताना उलट. उणे आधी काढले की पाना बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असल्याने ठिणगी नकोच. खाली धरणारी लोखंडी पट्टी मूळचीच लावा. ट्यूबच्या रबराने बांधलेली बॅटरी खड्ड्यांत हादरते आणि प्लेटांवरचा लेप गळतो. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर लवकर येतो. केबल काढून, गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून तो धुवा (झाकणे बंद ठेवा, सोडा आत जाता कामा नये), कोरडे करा, घट्ट आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. चासीला जाणारी अर्थिंगची केबलही त्याच वेळी सोडून घासा. तिच्याकडे कोणी बघत नाही आणि ‘सेल्फ कटकट करतो’ या तक्रारीत बरेचदा तीच दोषी निघते.

पाऊस सुरू झाल्यावर हिंदमाता, किंग्ज सर्कल किंवा अंधेरी सबवेकडे पाणी भरले असेल तर गाडी घालू नका. पाण्यात बंद पडलीच तर सेल्फ अजिबात मारू नका. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून बाहेर काढा, उणे टर्मिनल सोडा आणि मेकॅनिकला बोलवा. सलग पावसात तोडणी थांबून गाडी आठ-दहा दिवस उभी राहणार असेल तरही उणे काढून ठेवा. जीपीएस ट्रॅकर आणि टेप बंद गाडीतही वीज खात राहतात.