तांबड्या थरात रॉड जॅम होत होते, त्यावर केलेला उपाय

बोअरवेल मारताना काळा पाषाण छान कापला जात असतो, हवेबरोबर राखाडी भुकटी येत असते आणि अचानक तांबडा चिखल सुरू होतो. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडणारा हा लाल बोल, म्हणजे तांबड्या मातीचा थर. ओला झाला की चिकटतो, कधी फुगतोही.

आमचा बिट, म्हणजे टोकाचा दगड फोडणारा भाग, साडेसहा इंची, त्याला फिरवणारा रॉड साडेचार इंची. म्हणजे भोवती जेमतेम इंचभर फट. त्यात चिखलाचं कडं बसलं, की रोटेशनचं प्रेशर चढतं, बोअरची गाडी कण्हायला लागते. अशा वेळी नुसता दाब वाढवणं हा शुद्ध हट्ट.

मी खाली जाणं थांबवलं, बिट तळापासून उचलला, पण रॉड सुलटा फिरवतच ठेवला. उलटा फिरवला तर आटे सुटून बिटला ठोके देणारा हॅमर खालीच राहायचा! भरपूर हवा मारून बोअर साफ केला. मग पाण्यात फोम मिसळून पंपाने हवेत सोडला. थोडंसं पाणी सगळ्यात वाईट, भुकटीची कणीक होते. पाणी पुरेसं हवं. तोंडाशी तांबूस, घट्ट फेस सलग यायला लागला तसा प्रेशरचा काटा खाली आला.

पाण्यामुळे हॅमरमधलं तेल धुतलं जातं, म्हणून लुब्रिकेटरमधून तेल थोडं जास्त सोडलं. रॉड काढल्यावर बिटचा घेरही मोजला. बिटच्या कडेची दगड फोडणारी बटणं झिजली असतील तर बोअरच अरुंद पडतो, तिथे फोम काय करणार?