साक्षरतेचे धोरण आणि तज्ज्ञांचा सल्ला: या चुका टाळा

मुलांना वाचायला-लिहायला शिकवण्याचे सरकारी धोरण ठरताना तज्ज्ञांना कोणी विचारतच नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. मुंबईतल्या मराठी शाळांमधील शिक्षकांबरोबर वाचनशिक्षणाचे काम करताना मला आलेला अनुभव थोडा वेगळा आहे. तज्ज्ञांना विचारले जाते, पण बहुतेक वेळा निर्णय झाल्यावर. शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य, संस्थांचे कार्यकर्ते आणि मसुद्यांवर हरकती-सूचना पाठवणारे शिक्षक यांनी या चुका वेळीच ओळखाव्यात, म्हणून हे लिहीत आहे.

आधी निर्णय, मग समिती

अगदी अलीकडचे उदाहरण घ्या. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांमध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य झाली. शासनाच्याच भाषा सल्लागार समितीच्या अध्यक्षांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून विरोध नोंदवला. १७ जूनला सुधारित निर्णय आला, आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचे जाहीर झाले. हिंदी असावी की नसावी, हा वाद मी येथे बाजूला ठेवते. सहा वर्षांच्या मुलाला एकाच वेळी किती भाषांचे वाचन-लेखन पेलते, हा प्रश्न एप्रिलच्या आधी विचारायचा होता. तो विचारण्याची जागा निर्णय मागे घेतल्यानंतर तयार झाली, एवढेच मला दाखवायचे आहे.

अशा वेळी करता येण्यासारखे एक काम आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४(१)(ग) नुसार महत्त्वाची धोरणे आखताना सर्व संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करणे सार्वजनिक प्राधिकरणावर बंधनकारक आहे. म्हणून 'हा निर्णय रद्द करा' एवढेच निवेदन देऊन थांबू नका. निर्णयाआधी कोणाचा अभिप्राय घेतला, तो लेखी आहे का आणि त्यात कोणी वेगळे मत नोंदवले होते का, हे अर्ज करून मागा.

दुसऱ्या भाषेचे माप मराठीला लावणे

ही चूक सर्वांत कमी लक्षात येते आणि वर्गात सर्वांत जास्त त्रास देते. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन-लेखन आणि अंकज्ञान यावे म्हणून केंद्र सरकारने २०२१ मध्ये सुरू केलेल्या निपुण भारत अभियानाच्या लक्ष्यांत दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० आणि तिसरीच्या मुलाने किमान ६० शब्द अचूक वाचावेत, असे म्हटले आहे. पूर्व उपनगरातल्या एका शाळेत दुसरीतली मुलगी माझ्यासमोर 'मामाच्या घरासमोर चिंचेचं झाड आहे' हे वाक्य वाचत होती. बाई घड्याळ लावून बसल्या होत्या. वाक्य संपले आणि तिच्या नावावर पाच शब्द जमा झाले. हेच वाक्य हिंदीत 'मामा के घर के सामने इमली का पेड़ है' असे होते, म्हणजे नऊ शब्द. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय नामाला चिकटतात, त्यामुळे आपला एक शब्द पुष्कळदा हिंदीतल्या दोन-तीन शब्दांचे ओझे वाहतो. ती मुलगी मंद नव्हती.

याच वाक्यात आणखी एक अडचण आहे. 'चिंचेचं' या शब्दात 'च' तीनदा येतो. पहिले दोन तालव्य ('चार'मधल्यासारखे), तिसरा दंततालव्य ('चाक'मधल्यासारखा). अक्षर तेच, उच्चार दोन. पहिल्या वेलांटीची तऱ्हा याहून निराळी, कारण ती व्यंजनाच्या आधी दिसते आणि नंतर उच्चारली जाते, म्हणून 'दिवस' वाचताना नवशिके मूल पहिल्याच अक्षरावर थबकते. हिंदीतून किंवा इंग्रजीतून भाषांतरित झालेल्या प्रशिक्षण साहित्यात 'च'च्या दोन उच्चारांचा उल्लेखही नसतो. बाराखडीच धरली तरी ४०० च्या वर रूपे होतात, जोडाक्षरे वेगळीच. वाचनशिक्षणाच्या अभ्यासक सोनाली नाग यांच्या कन्नडवरील संशोधनातून दिसले की अशा अक्षरलिपीत अक्षरज्ञान पक्के होण्याचा काळ पहिली-दुसरीत संपत नाही, तो पुढच्या इयत्तांपर्यंत लांबतो. मराठी आणि कन्नड शिकणाऱ्या मुलांचा पालघर आणि यादगीर या जिल्ह्यांत तीन वर्षे पाठपुरावा करणारा अभ्यासही झालेला आहे. ज्ञान उपलब्ध आहे. २०२२ मध्ये तिसरीच्या मुलांच्या पायाभूत अध्ययन अभ्यासात एनसीईआरटी या केंद्रीय शैक्षणिक संशोधन संस्थेने २० भाषांसाठी स्वतंत्र निकष काढलेसुद्धा. पण निपुण भारतची लक्ष्ये त्याच्या आदल्याच वर्षी जाहीर झाली होती. क्रम पुन्हा तोच, आधी आकडा आणि मग अभ्यास.

यावर उपाय असा की आकड्याबरोबर उतारा मागावा. कोणत्या उताऱ्यावर, किती अक्षरांच्या शब्दांवर आणि मुलाच्या घरच्या भाषेची नोंद घेऊन हे मोजले, हे सांगता येत नसेल तर त्या आकड्यावरून शिक्षकांना जाब विचारू नये.

एकाच प्रकारचा तज्ज्ञ पुरेसा मानणे

मोजमाप करणारा, भाषाशास्त्र जाणणारा आणि पहिलीचा वर्ग शिकवणारा, हे तीन वेगळे तज्ज्ञ आहेत. बैठकीत पहिला हमखास असतो, दुसरा कधीमधी, तिसरा फक्त सूचना ऐकण्यासाठी. आठ भाषांमधून शाळा चालवणाऱ्या मुंबई महापालिकेसारख्या ठिकाणी हे विशेष खटकते, कारण घरी भोजपुरी किंवा तेलुगू बोलून मराठी वर्गात बसणाऱ्या मुलाचे नेमके कुठे अडते, हे त्याच्या वर्गावरच्या बाईंइतके कोणालाच ठाऊक नसते.

परदेशी दाखले देतानाही हेच भान हवे. इंग्लंडमध्ये वाचनशिक्षणावरील २००६ च्या रोझ अहवालाने ध्वनी-अक्षर पद्धतीचा (अक्षरांचे ध्वनी जोडून शब्द वाचण्याचा) पद्धतशीर वापर सुचवला आणि २०१२ पासून पहिल्या इयत्तेच्या मुलांसाठी ४० शब्दांची चाचणी आली, ज्यात निम्मे शब्द बनावट, म्हणजे अर्थ नसलेले असतात. इंग्रजी स्पेलिंगच्या गोंधळावर तो इलाज होता. आपली अडचण रूपांच्या संख्येची आणि जोडाक्षरांची आहे.

अनुभव सांगणे, पण नोंद न ठेवणे

ही चूक आपल्या बाजूची आहे, आणि ती मीही अनेक वर्षे केली. 'मुलांना जमत नाही' असे शिक्षक बैठकीत सांगतात आणि ते वाक्य इतिवृत्तातही येत नाही. त्याऐवजी साधी शंभर पानी वही घ्यावी आणि चार रकाने आखावेत: वाचायला दिलेला शब्द, मुलाने वाचलेला शब्द, घरची भाषा, तारीख. रोज दोनच मुलांची नोंद केली तरी दिवाळीच्या सुटीपर्यंत वही भरत येते. पुढच्या मसुद्यावर हरकत पाठवताना त्यातल्या पाच पानांच्या छायाप्रती जोडा आणि त्या जोडल्याचा उल्लेख अर्जातच करून पोच घ्या.