कोणापुढे काय बोलायचं, हे दवाखान्यात तुम्हीही ठरवू शकता

नोंदणीच्या काउंटरवर ‘काय त्रास आहे?’ असं मोठ्यानं विचारलं की मागची रांग कान टवकारते. तिथं सगळं उघड करायची गरज नसते. ‘ते डॉक्टरांनाच सांगते’ म्हणा, किंवा कागदावर लिहून द्या.

तपासणीच्या खोलीत अनोळखी चेहरा दिसला तर ‘हे कोण?’ असं सरळ विचारा. शिकाऊ डॉक्टर असतील तर त्यांच्यासमोर तपासणीला नकार देता येतो. उलट, नाजूक तपासणीच्या वेळी नर्स किंवा आपलं माणूस जवळ हवं असेल तर तेही आधीच सांगा. अर्थात, बऱ्याचदा खरी अडचण सोबत आलेल्या माणसाचीच असते. प्रश्न आपल्याला आणि उत्तरं त्याची! अशा वेळी ‘दोन मिनिटं एकटीनं बोलायचंय’ हे डॉक्टरांना बिनदिक्कत सांगावं. रिपोर्ट कोणाला सांगायचा आणि कोणत्या नंबरवर, तेही फाईलवर लिहून घ्यावं.

रुग्णाची गुपितं जपण्याची शपथ १९४८च्या जिनिव्हा जाहीरनाम्यातही, म्हणजे जागतिक वैद्यकीय संघटनेनं डॉक्टरांसाठी केलेल्या प्रतिज्ञेतही आहे. पुढे त्यात ‘रुग्णाच्या मृत्यूनंतरही’ अशी भर पडली. म्हणून ओळखीतल्या नर्सला ‘अमक्याचं काय निघालं गं?’ असं विचारून कात्रीत पकडू नका. संगणकावरची फाईल कोणी उघडली याची नोंद अनेक रुग्णालयांत राहते, आणि नोकरीवर गदा येते ती तिच्या.

कर्मचाऱ्यानं फाईलमधला नंबर घेऊन खासगी मेसेज सुरू केले, तर उत्तर न देता स्क्रीनशॉट ठेवा आणि रुग्णालयाकडे लेखी तक्रार करा.