पँटची कंबर खोटं बोलते

पुण्याच्या नारायण पेठेत 22 वर्षं शाळेचे गणवेश शिवतेय. "ताई, कंबरेला दाब जास्त सोडा, अंगानं भरलाय," असं पूर्वी एखादीच आई म्हणायची. (दाब म्हणजे पुढे उसवून कपडा सैल करता यावा म्हणून शिवणीत आत दुमडलेलं जास्तीचं कापड.) आता मे-जूनमध्ये रोज चार-पाचदा ऐकते. माझा मुलगाही तसाच, आणि टेप गळ्यात असून मला दिसलं नाही.

आम्ही पँटची कंबर घेतो ती पट्टा बसतो तिथे, म्हणजे सुटलेल्या पोटाच्या खाली. ते माप फसवं. तब्येतीसाठी मोजायचं तर शर्ट वर करा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड चाचपा आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप आडवी फिरवा. ती अंगाला टेकावी, रुतू नये. मुलं पोट आत ओढतात, म्हणून काहीतरी गप्पा काढा आणि श्वास सोडला की आकडा वाचा. मग भिंतीला टेकवून उंची घ्या. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. माझ्या मुलाची उंची 142 सेंटीमीटर, म्हणजे कंबर 71 च्या आत हवी; भरली 78.

नुसत्या वजनावर जाऊ नका. आपल्या पुण्यातल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचा 2004 साली छापून आलेला फोटो प्रसिद्ध आहे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, एकच, 22.3. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2. आपली चरबी अशी लपून बसते.

पुढे मान बघा. मुलाच्या मानेवर काळा पट्टा होता. मळ समजून मी सहा महिने डाळीच्या पिठानं घासत होते, पोरगं रडायचं. डॉक्टर म्हणाल्या, हा मळ नाही, रक्तात इन्शुलिन वाढल्याची खूण आहे. ती कातडी जाडसर, मखमलीसारखी लागते, काखेतही असते. मखमल माझ्या हाताला कळते हो, तरी कळलं नाही.

रात्री घोरतो का, घोरताना श्वास मध्येच अडकतो का, ते ऐका. मुलींची पाळी सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली तरी अनियमित असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. मूल लंगडत असेल, गुडघा किंवा मांडी दुखत असेल तर तेल चोळत बसू नका. दुखतो गुडघा, पण कधीकधी सरकलेलं असतं खुब्याचं हाड. त्याच दिवशी दाखवा. सारखी तहान, रात्री लघवीला उठणं आणि वजन अचानक उतरणं, यालाही थांबू नका.

डॉक्टरांना रक्तदाब, उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), कोलेस्टेरॉल आणि यकृताची एसजीपीटी यांबद्दल विचारा. आमची एचबीएवनसी 5.8 आली, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. सोनोग्राफीत यकृतावर चरबी. वय वर्षं 11, आणि सासूबाई म्हणत होत्या, "वयात आला की उतरेल."

उपाशी ठेवू नका. वाढत्या मुलाचं वजन आहे तिथे थोपवलं, तरी उंची वाढते तसा फरक पडतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही घरात खारी आणि क्रीमरोल आणणंच बंद केलं, कारण डब्यात असलं की मीही खाते. पिशवीतला ज्यूस गेला, चहातली साखर निम्मी झाली. मधल्या सुट्टीला थालीपीठ किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ. रोज तासभर घामाचा खेळ हवा म्हणतात. क्लासमुळे ते जमेना, म्हणून संध्याकाळचा एक क्लास सोडला. (त्यावरून घरात झालेलं भांडण वेगळं.) रविवारी तळजाई टेकडीवर चालायला. मोबाइल रात्री साडेनऊला माझ्या शिलाई मशीनच्या खणात.

दुकानात मी आता मुलांची मापं मोठ्यानं सांगत नाही, वहीत गुपचूप लिहिते. "जाड्या" म्हणणाऱ्या काकांना दुकानाबाहेर बसवते.

यंदा मुलाची पँट लांबीला दोन इंच सोडली. कंबरेचा दाब उसवला नाही. मान थोडी उजळलीय. एसजीपीटी अजून जास्तच आहे, दिवाळीनंतर पुन्हा तपासायचीय.