लेख आपला, आवाज दुसऱ्याचा: व्हिडिओतील उचलेगिरीला आळा कसा घालावा

मारबतीच्या मिरवणुकीवर किंवा सीताबर्डीच्या किल्ल्यावर एखाद्याने मेहनतीने लेख लिहावा आणि काही दिवसांतच तो जसाच्या तसा, यंत्राच्या आवाजात, इकडून-तिकडून गोळा केलेल्या चित्रांवर वाचलेला एखाद्या यूट्यूब चॅनेलवर ऐकू यावा, हा प्रकार आता नागपुरात लिहिणाऱ्यांच्याही परिचयाचा होत चालला आहे. यूट्यूबची कंटेंट आयडी ही यंत्रणा ध्वनी आणि चित्रफिती यांची तुलना करते. लेखाचा मजकूर तिच्या कक्षेत येत नाही. म्हणूनच दुसऱ्याचे गाणे वापरणारा आपोआप पकडला जातो, पण दुसऱ्याचा लेख वाचणारा सुटतो, आणि राखणीचे काम लेखकाच्याच गळ्यात पडते.

ही राखण लेख प्रसिद्ध होण्यापूर्वी सुरू व्हायला हवी. कच्चे खर्डे, टिपणवहीची पाने, स्वतः काढलेली मूळ छायाचित्रे यांपैकी काहीही टाकून देऊ नये. गूगल डॉक्समध्ये लिहीत असाल, तर आवृत्त्यांचा इतिहास आपोआप साठतो, मात्र लेख पूर्ण झाल्यावर ती फाइल पुसू नये. लेख प्रसिद्ध झाला की त्याच दिवशी इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्याची प्रत साठवावी. आपल्या संकेतस्थळावरील तारीख आपल्याला हवी तशी बदलता येते, असा आक्षेप समोरचा पक्ष घेऊ शकतो. त्रयस्थाकडे नोंदलेल्या तारखेबाबत तो आक्षेप टिकत नाही. वर्डप्रेस वापरणाऱ्यांनी सेटिंग्जमधील रीडिंग या विभागात जाऊन फीडमध्ये, म्हणजे नवे लेख इतर यंत्रणांना आपोआप पुरवणाऱ्या यादीत, पूर्ण मजकुराऐवजी केवळ सारांश जाईल असे करावे, कारण मजकूर आपोआप ओढून घेणाऱ्या यंत्रणांना संपूर्ण फीड आयतेच मिळते. माउसचे उजवे बटण बंद करण्याचा उपाय मात्र दाराला कडी लावून खिडकी सताड उघडी ठेवण्यासारखा आहे: पडद्यावरील मजकूर गूगल लेन्स क्षणात वाचते आणि त्रास फक्त प्रामाणिक वाचकाला होतो.

लेखकाचे नाव केवळ शीर्षकाखाली न ठेवता मजकुराच्या ओघातही यावे. इतवारीत काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर येतात तेव्हा आपण कुठे उभे होतो आणि तिथून काय दिसले, हे प्रथमपुरुषी लिहिलेले वर्णन उचलणाऱ्याला अडचणीचे ठरते. ते वाचले तर चोरी उघड होते आणि गाळले तर लेखाचा जीव जातो. चोर ओळखता यावा म्हणून मुद्दाम एखादे खोटे साल पेरावे, असे काही जण सुचवतात. मला ते मान्य नाही, कारण ती चूक चोराच्या आधी आपल्याच वाचकाच्या पदरात पडते.

शोध घेताना लेखाच्या विषयापेक्षा आपल्या खास वाक्यरचनेकडे लक्ष द्यावे. व्हिडिओला ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे बोलण्याचा लेखी उतारा, असल्यास ते उघडून त्यात आपले ठरावीक शब्दप्रयोग शोधता येतात. यंत्राला वाचायला दिलेला मजकूर पुष्कळदा स्वतःच साक्ष देतो: ‘वरील छायाचित्रात दिसते त्याप्रमाणे’ हे वाक्य ऐकू येते आणि पडद्यावर असते भलतेच चित्र, किंवा आपल्या लेखातील मुद्रणदोष उच्चारासह तिकडे पोहोचलेला असतो.

असे काही सापडले की रागाच्या भरात व्हिडिओखाली प्रतिक्रिया लिहू नये. ती वाचताच व्हिडिओ हटवला किंवा कापला जाऊ शकतो आणि पुरावा हातचा जातो. आधी व्हिडिओचा व चॅनेलचा दुवा, प्रसिद्धीची तारीख, वर्णनातील मजकूर आणि पाहणाऱ्यांचा आकडा यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत आणि संपूर्ण व्हिडिओचे ध्वनीसह स्क्रीन रेकॉर्डिंग करावे. मग दोन रकान्यांचा तक्ता करावा: डावीकडे आपले वाक्य, उजवीकडे व्हिडिओतील वाक्य आणि ते ज्या मिनिटाला व सेकंदाला येते ती वेळ. पुढे यूट्यूब असो, वकील असो वा न्यायालय, सर्वांत जास्त उपयोग या तक्त्याचा होतो.

तक्ता भरतानाच आपला दावा किती खरा आहे, हे लेखकालाही कळते. बख्त बुलंद शाहाने १७०२ मध्ये नागपूर वसवले किंवा सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर १८१७ मध्ये झाली, ही माहिती कोणाच्याही मालकीची नाही. आपण ती कितीही कष्टाने शोधलेली असली तरी नाही. कल्पना, विषय, कथानक आणि ऐतिहासिक तथ्ये यांवर कॉपीराइट नसतो, तो त्यांच्या मांडणीवर आणि अभिव्यक्तीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात स्पष्ट केले. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ टीका आणि परीक्षणासाठी मजकुराचा रास्त वापर करू देते. तेव्हा उजव्या रकान्यात नुसती तथ्ये जुळत असतील, तर तक्रार करू नये. खटल्याच्या बिनबुडाच्या धमक्या देणाऱ्याविरुद्धच दाद मागण्याची सोय त्याच कायद्याच्या कलम ६० मध्ये आहे.

वाक्ये जुळत असतील, तर मात्र मागे हटण्याचे कारण नाही. लेखनाची नोंदणी झालेली नसली तरी कॉपीराइट असतोच. साहित्यकृतीच्या नोंदणीचे शुल्क ५०० रुपये आहे आणि नोंदवहीतील नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. म्हणून पुढे पुस्तक होऊ शकेल अशा लेखमालेसाठी ती करून घ्यावी, प्रत्येक फुटकळ लेखासाठी तो खटाटोप नको. कलम ५७ नुसार लेखकत्वाचा हक्कही आपल्याकडे असतो.

चॅनेल गावातल्याच एखाद्या नवख्या मुलाचे दिसत असेल, तर त्याला आधी एक सभ्य पत्र पाठवावे, असे माझे मत आहे. रोज यंत्राच्या आवाजात व्हिडिओ ओतणाऱ्या चॅनेलवर शाई खर्च करू नये. थेट यूट्यूबचा कॉपीराइट तक्रारीचा अर्ज भरावा. त्यात मूळ लेखाचा दुवा आणि तक्त्यातील वेळा द्याव्यात. तक्रारदाराचे नाव समोरच्याला कळते, हे आधीच लक्षात घ्यावे. व्हिडिओ ताबडतोब हटवण्याऐवजी चॅनेलला सात दिवसांची मुदत देण्याचा पर्यायही असतो. चॅनेलने प्रतिदावा केला, तर आपण न्यायालयीन कारवाई सुरू केल्याचा पुरावा दहा कामकाजाच्या दिवसांत यूट्यूबला द्यावा लागतो, अन्यथा व्हिडिओ परत येऊ शकतो. त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वीच वकिलाशी एकदा बोललेले बरे.

कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ मुळे लेखक जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. चॅनेल दिल्लीचे असले तरी नागपूरच्या लेखकाला दिल्ली गाठावी लागत नाही. स्क्रीनशॉट आणि रेकॉर्डिंग दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागते, म्हणून ज्या संगणकावर ते घेतले तो विकू किंवा फॉरमॅट करू नये.

कधी कधी चॅनेलवाला माफी मागून ‘तुमच्या परवानगीने करू’ असे म्हणतो. हे वाईट नाही, मात्र फोनवर होकार देऊन मोकळे होऊ नये. कोणता लेख, किती काळासाठी, मानधन किती आणि नाव पडद्यावर नेमके कुठे येईल, हे लिहून दोघांनी सह्या कराव्यात. हक्क हस्तांतरित करण्याच्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल, तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल, तर संपूर्ण भारत.