कुत्र्यातला लिम्फ नोड : आधी शोधायचा, मग काढायचा

पशुशल्यचिकित्सेत नव्याने आलेल्यांचा सगळा जीव मुख्य गाठीत, म्हणजे कॅन्सरच्या ट्यूमरमध्ये, असतो. कड किती रुंद घ्यायची, खाली कुठला थर काढायचा, त्वचा जुळेल का, हे प्रश्न चार दिवस आधीपासून घोळत असतात. लिम्फ नोडचं (लसिकाग्रंथीचं, जिच्यावरून कॅन्सर पसरला का ते कळतं) मात्र ‘हाताला लागला तर काढू’ एवढ्यावर भागवलं जातं. मग टेबलावर तीन-चार सेंटिमीटरच्या खड्ड्यात अर्धा तास चरबी चिवडली जाते आणि शेवटी जे निघतं तेही चरबीच असते. नोड कुठला, तो नेमका कुठे आहे आणि त्याच्या शेजारी काय काय आहे, ही तीन उत्तरं चाकू हातात येण्याआधी तयार हवीत.

सुरुवात हाताच्या तपासणीने करा, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. निरोगी कुत्र्यात मॅन्डिब्युलर (जबड्याखालचा), प्रीस्कॅप्युलर (खांद्यापुढचा) आणि पॉप्लिटिअल (गुडघ्यामागचा) नोड बहुधा बोटांना लागतात. अ‍ॅक्सिलरी (काखेतला) आणि रेट्रोफॅरिंजिअल (घशामागचा) एरवी लागत नाहीत, इंग्वायनल (जांघेतले) कधी लागतात, कधी नाही. नोड लहान आणि मऊ आहे म्हणजे तो स्वच्छ आहे, असंही नाही. तोंडाच्या मेलॅनोमाच्या 100 कुत्र्यांचा एक अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांचे नोड आकाराने नॉर्मल होते, त्यांतल्या 40 टक्के कुत्र्यांच्या नोडमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली मेटास्टॅसिस (कॅन्सरचा प्रसार) सापडला. उलटही घडतं : दात किडलेल्या किंवा गाठीवर जखम झालेल्या कुत्र्याचा नोड निव्वळ दाहामुळे दुप्पट होतो. म्हणून 22 ते 25 गेजच्या सुईने नमुना घ्यायचाच. तो ‘निगेटिव्ह’ आला म्हणून नोड सोडायचा नाही. सुई नोडच्या एका कोपऱ्यात जाते आणि पेशी दुसऱ्या कोपऱ्यात बसलेल्या असू शकतात.

दुसरा प्रश्न, कुठला नोड? पुस्तकातल्या आकृतीत प्रत्येक भागाला एक ठरलेला नोड असतो. जिवंत कुत्र्याच्या लसिकावाहिन्या तो नकाशा पाळतातच असं नाही, आणि गाठीने वाहिन्या अडवल्या असतील तर त्या आडवाटेने जातात. तोंडातल्या उजव्या बाजूच्या गाठीचा निचरा डाव्या नोडकडे गेलेला दिसतो. मास्ट सेल ट्यूमर (हिस्टामीन सोडणाऱ्या मास्ट पेशींची गाठ) पोटरीवर असेल तर पॉप्लिटिअलकडे बोट दाखवण्याआधी खात्री करा. गाठीतली लसिका सर्वांत आधी ज्या नोडमध्ये पोचते तो सेंटिनल नोड. आपल्याला तोच हवा असतो, आणि तो कधी कधी एकाहून जास्त असतो.

तो शोधण्याचे मार्ग बरेच आहेत. सीटी असेल तर गाठीभोवती चार बाजूंना आयोहेक्सॉल (स्कॅनमध्ये उठून दिसणारं द्रव्य) टोचून पहिल्या दहा मिनिटांत वारंवार स्कॅन घेतात आणि रंगलेली वाहिनी थेट नोडपर्यंत दिसते. सीटी नसेल तर लिपिओडॉल (एक्स-रेत दिसणारं तेलकट द्रव्य) टोचून साधारण 24 तासांनी साधा एक्स-रे काढला तरी नोड उठून दिसतो. इंडोसायनिन ग्रीन या चमकणाऱ्या रंगासाठी इन्फ्रारेड कॅमेरा लागतो आणि त्याचा प्रकाश ऊतीतून सेंटिमीटरभरच आरपार येतो, त्यामुळे खोलवरचा नोड त्वचेवरून चमकत नाही. हे औषध निर्जंतुक पाण्यातच विरघळवायचं, सलाइनमध्ये त्याचा साका होतो. बनवल्यापासून सहा तासांत वापरायचं.

सर्वांत स्वस्त आणि सगळीकडे मिळणारा उपाय मेथिलीन ब्लू. नवख्यांचे हात इथेच चुकतात, म्हणून थोडं सविस्तर. टोचायचं गाठीच्या कडेला, त्वचेत आणि लगेच खाली, घड्याळातल्या 12, 3, 6 आणि 9 च्या जागी. गाठीत नाही : आतला दाब जास्त असतो, रंग तिथेच अडकतो किंवा सुईच्या भोकातून बाहेर येतो. प्रत्येक जागी 0.1 ते 0.2 मिली पुरतं. मात्रा वजनाशी ताडून बघा. 1 टक्का द्रावणाच्या 1 मिलीत 10 मिग्रॅ रंग असतो, म्हणजे 5 किलोच्या कुत्र्याला तेवढ्यात 2 मिग्रॅ प्रतिकिलो गेलं. मेथिलीन ब्लू जास्त झालं तर लाल पेशींत हाइन्झ बॉडी (बिघडलेल्या हिमोग्लोबिनच्या गुठळ्या) तयार होऊन रक्तक्षय होतो, म्हणून लहान कुत्र्यांत सलाइन घालून पातळ करा. टोचल्यावर एक-दोन मिनिटं हलक्या हाताने मालिश करा आणि दहा मिनिटांच्या आसपास छेद घ्या. भूल देणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, कारण रंग रक्तात गेला की पल्स ऑक्सिमीटर खोटा कमी आकडा दाखवतो आणि उगाच धावपळ होते. मास्ट सेल ट्यूमरभोवती सुई फिरवायची असेल तर आधी डायफेनहायड्रामीन 1 ते 2 मिग्रॅ प्रतिकिलो स्नायूत द्या. ही गाठ चेपली तरी हिस्टामीन सोडते, रक्तदाब पडतो, आणि तिच्यातल्या हिपॅरिनमुळे (रक्त गोठू न देणारं द्रव्य) जखम ओलीच राहते.

एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. कुत्रा टेबलावर शेवटच्या स्थितीत झोपवला, पाय जिथे राहणार तिथे ठेवला, की ड्रेप टाकण्याआधी नोड पुन्हा चाचपायचा आणि मार्करने त्वचेवर खूण करायची. पाय दोन इंच पुढे सरकला तरी प्रीस्कॅप्युलर नोडवरची त्वचा सरकते आणि छेद भलत्या जागी पडतो. शक्य असेल तिथे अख्खा पाय निर्जंतुक करून ड्रेपच्या आतच मोकळा ठेवा, म्हणजे मध्येच हलवून बघता येतं.

प्रीस्कॅप्युलर नोड शिकायला चांगला, पण वाटतो तितका वर नसतो. स्कॅप्युलाच्या पुढच्या कडेसमोर, ट्रॅपेझिअस, ओमोट्रान्सव्हर्सेरिअस आणि ब्रेकिओसेफॅलिकस या स्नायूंच्या खाली, चरबीच्या गादीत तो बसलेला असतो. बहुतेक वेळा दोन असतात. एक निघाला म्हणून हात आखडू नका, बोट घालून दुसरा शोधा. स्नायू कापायचे नाहीत, ट्रॅपेझिअस आणि ओमोट्रान्सव्हर्सेरिअस यांच्या मधून तंतूंच्या दिशेने वाट काढायची. इथे डोळ्यांपेक्षा बोट खरं बोलतं : चरबी बोटाखाली दबते आणि पसरते, नोड ओल्या साबणाच्या वडीसारखा निसटतो. रंगाची खूणही आहे, चरबी पिवळसर आणि नोड करडा-तपकिरी. वरच्या बाजूला अ‍ॅक्सेसरी नर्व्ह जाते, ती दिसली की तिथून कॉटरी (रक्तवाहिन्या जाळून बंद करणारं उपकरण) दूर. खालच्या टोकाला सुपरफिशिअल सर्व्हायकल रक्तवाहिन्या हायलममध्ये (नोडच्या खाचेत) शिरतात. आंधळेपणाने ओढलं तर त्याच तुटून आत पळतात. त्या आधी पकडून 3-0 शोषल्या जाणाऱ्या धाग्याने बांधा.

मॅन्डिब्युलर नोडच्या वेळी घोटाळा होतो तो लाळग्रंथीशी. जबड्याच्या कोनाशी, लिंग्वोफेशिअल शिरेच्या वर-खाली दोन ते पाच नोड असतात. मॅन्डिब्युलर लाळग्रंथी त्यांच्या मागे, मॅक्सिलरी आणि लिंग्वोफेशिअल शिरा मिळून बाह्य जुग्युलर होते त्या बेचक्यात असते. ती मोठी, गोलसर आणि बारीक खाचांची असते. तिलाच नोड समजून काढलेलं अनेकदा दिसतं. तोंडाच्या गाठींत मीडिअल रेट्रोफॅरिंजिअल नोडही लागतो, दोन्ही बाजूंचा. घशाखाली मध्यरेषेत एकच छेद घेऊन चारही ठिकाणी पोचता येतं. तिथे कॅरॉटिड, व्हेगोसिम्पथेटिक ट्रंक आणि हायपोग्लॉसल नर्व्ह अगदी लागून असतात. कातरीची टोकं उघडून हळूहळू वेगळं करा, कापा शेवटी. ट्रंकला धक्का बसला तर दुसऱ्या दिवशी त्या बाजूची बाहुली लहान आणि पापणी ओघळलेली दिसते.

पॉप्लिटिअल सोपा : गुडघ्यामागे बायसेप्स फेमोरिस आणि सेमिटेन्डिनोसस यांच्या मध्ये, बहुतेक एकच. खोलात टिबिअल आणि पेरोनिअल नर्व्ह आहेत, एवढं ध्यानात ठेवून ओढ हलकी ठेवा. इंग्वायनल नोड स्तनग्रंथीच्या चरबीत लपतो, बाह्य प्युडेंडल वाहिन्यांजवळ. पाचव्या ग्रंथीची गाठ काढताना तो त्याच तुकड्यात येतो.

एनल सॅकच्या (गुदद्वाराजवळच्या पिशवीच्या) कॅन्सरमधले मीडिअल इलिअक नोड मात्र सुरुवातीला एकट्याने करू नका. ते महाधमनीला जिथे फाटे फुटतात तिथे, मोठ्या शिरांना चिकटलेले असतात आणि ठिसूळ असतात. शस्त्रक्रियेआधी रक्तातलं आयोनाइज्ड (मोकळं) कॅल्शिअम तपासा. वाढलेलं असेल तर आधी ते खाली आणा. रक्त जुळवून ठेवा, सक्शन चालू आहे का बघा.

क्रम कुठला? नोड आधी, मुख्य गाठ नंतर. गाठ आधी काढली की रंग वाहून नेणाऱ्या वाहिन्याच तुटतात. काही कारणाने उलट करावं लागलं तर हातमोजे आणि अवजारं बदला, एकाच फोर्सेप्सने दोन्हीकडे जाऊ नका. नोड फोर्सेप्समध्ये चिरडायचा नाही. कॅप्सूलला चिकटलेली चरबी धरून उचला, नाहीतर पॅथॉलॉजिस्टच्या हाती चिंबलेल्या पेशी जातात. बंद करताना रिकामी जागा दोन थरांत मिटवा. सिरोमा (जखमेत साचणारं पाणी) होतो तो बहुतेक तिथेच, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. लहान असेल तर सुई घालून काढू नका, जंतू आत जातात. पट्टा, विश्रांती आणि पहिले दोन दिवस थंड शेक पुरतो.

आता तुकडा. टाके घालण्याआधी, कुत्रा भुलेत असतानाच, तो सलाइनच्या वाटीत टाका. नोड बुडतो, निव्वळ चरबी तरंगते. तरंगला तर पुन्हा शोधायला अजून वेळ आहे. पुष्कळ चरबी चिकटलेला नोडही तरंगू शकतो, म्हणून बोटाने दाबून खात्री करा. मग प्रत्येक नोड स्वतंत्र बाटलीत, त्याच्या दहापट 10 टक्के फॉर्मलिनमध्ये. बाटलीवर बाजू आणि नोडचं पूर्ण नाव लिहा, नुसतं ‘नोड’ नको. रंग लागला होता का, तेही लिहा. मास्ट सेल ट्यूमर असेल तर एचएन0 ते एचएन3 ही (नोडमध्ये प्रसार किती ते सांगणारी) वर्गवारी हवी असं फॉर्मवर स्पष्ट मागा. निरोगी नोडमध्येही तुरळक मास्ट सेल असतात, त्यामुळे ‘मास्ट सेल दिसल्या’ एवढ्या वाक्यावर पुढचा उपचार ठरत नाही. आणि अहवालात ‘फक्त चरबी, लिम्फ नोड नाही’ असं आलं तर प्रयोगशाळेला फोन करून उरलेल्या तुकड्याचे आणखी काप मागा. तिथेही नोड नसेल तर त्या जागेची सोनोग्राफी करा, आणि मालकाला त्याच दिवशी सांगा की नोडची अवस्था अजून कळलेली नाही.