शाळांची वकिली करायची असेल तर

नोकरीच्या कायद्यात काम करायचं आणि तेही खाजगी शाळांसाठी, असं ठरवलं असेल तर कारखान्यांचे कामगार कायदे थोडे बाजूला ठेवा. शिक्षक हा कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1988 सालीच ए. सुंदरम्बाळ यांच्या, गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सांगितलंय. महाराष्ट्रात आपलं रोजचं काम चालतं ते 1977 च्या खाजगी शाळा कर्मचारी अधिनियमावर आणि 1981 च्या नियमावलीवर. इंग्रजी नावावरून त्याला आपल्यात सगळे ‘एमईपीएस’ म्हणतात. पहिलं वर्ष एवढंच नीट वाचा, नियमावली तर दोनदा.

मग शाळेच्या कपाटात डोकं घाला. मी नवीन संस्थेचं काम घेतलं की आधी नेमणुकीची पत्रं, सेवापुस्तिका, गोपनीय अहवाल आणि जावक नोंदवही मागते. भांडण काय ते नंतर ऐकते. एप्रिल उजाडला की संस्थाचालक हमखास येतात, “मॅडम, या बाईंना जूनपासून नको, पत्र करून द्या.” परिवीक्षा, म्हणजे कायम होण्याआधीचा प्रोबेशनचा काळ, दोन वर्षांची (शिक्षणसेवकाला तीन) आणि ती संपायला महिना-दीड महिना उरलेला. कलम 5 प्रमाणे काम समाधानकारक नसेल तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार देऊन सेवा संपवता येते. पण अहवाल उघडावा तर मुख्याध्यापकांनी ओळीने ‘समाधानकारक’ लिहून ठेवलेलं! परिवीक्षेतल्या कामाचं वस्तुनिष्ठ मूल्यमापन करून त्याची नोंद ठेवा, असं नियम 15 सांगतो. ती नोंद नसेल तर नोटीस कितीही सुबक लिहा, शाळा न्यायाधिकरणापुढे, म्हणजे शिक्षकांची अपिलं जिथे चालतात तिथे, पहिला प्रश्न तोच येणार. अपिलाला शिक्षकाकडे तीस दिवस असतात आणि ते अपील येतंच, असं धरून चाला. म्हणून मुख्याध्यापकांना जूनमध्येच बसवून शिकवा: वर्गनिरीक्षण करा, तारीख घाला, काय खटकलं ते लिहा आणि शिक्षकाला दाखवून सही घ्या. त्यातून सुधारणारे शिक्षक मी पाहिलेत. मला या कामातलं सगळ्यात समाधानाचं तेच वाटतं.

कायम शिक्षकाची चौकशी हा सर्वांत नाजूक भाग. नियम 36 ची समिती तिघांची असते: एक संस्थेचा, एक शिक्षकाने निवडलेला, एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. शिक्षकाचा प्रतिनिधी अडचणीचा वाटतो म्हणून त्याला उशिरा कळवणं, बैठकीची वेळ ऐनवेळी बदलणं, हे प्रकार होतात. होऊ देऊ नका. प्रत्येक बैठकीचं पत्र तिघांनाही एकाच दिवशी जाऊ द्या आणि पोचपावत्या फाइलला लावा.

पैशांचंही वेळेवर सांगा. ग्रॅच्युइटी कायद्याच्या 2009 च्या दुरुस्तीने शिक्षकांना ग्रॅच्युइटी मिळाली, तीही 1997 पासून, आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. विनाअनुदानित संस्थांनी त्याची तरतूद दरवर्षी करायलाच हवी.

राहिला राजीनामा. कलम 7 प्रमाणे तो दोन प्रतींत, दोन्हींवर सही आणि तारीख. एक प्रत शिक्षकाकडे, दुसरी रजिस्टर्ड पोस्टाने संस्थेला. केबिनमध्ये बोलावून, टाइप केलेला कागद पुढे सरकवून, दार लावून घेतलेली सही म्हणजे राजीनामा नव्हे. असा कागद घेऊन कुणी आलं आणि तोच पुढे रेटा म्हणालं, तर वकीलपत्र घेऊ नका.